विळीची जखम, न वाकणारं बोट

पुण्यातल्या एका रुग्णालयात ऑपरेशनच्या टेबलावर चार वर्षांची मुलगी भूल देऊन झोपवली आहे. विळीने बोट कापलं, गावातल्या दवाखान्यात दोन टाके पडले, जखम भरलीही. पण पेला धरताना पोरीचं मधलं बोट ताठच राहतं, हे आजीच्या नजरेतून सुटलं नाही. आत स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा तुटली होती.

एवढ्या लहान मुलाला ‘बोट वाकव’ म्हटलं तर ते हात आखडून रडू लागतं. म्हणून डॉक्टरबाई विचारण्याच्या फंदात पडत नाहीत. मनगट मागे वळवलं की धड बोटं आपोआप तळव्याकडे मिटतात. हे एकटंच सरळ राहतं. निदान तिथेच होतं.

दंडाला हवेचा पट्टा, बोटावर नागमोडी छेद. कंडरेचं वरचं टोक तळव्यात मागे सरकलेलं असतं. तान्ह्या बाळांना दूध द्यायला वापरतात तसली बारीक नळी सरकवून डॉक्टरबाई ते हळूच पुढे आणतात. पांढरीशुभ्र, चकचकीत कंडरा, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंद. भिंगांच्या चष्म्यातून आधी मधले टाके, मग कडेने ०.१ मिलिमीटरहून बारीक धाग्याची शिलाई. बोटाच्या या अरुंद बोगद्यात दोन कंडरा एकमेकींना खेटून असतात. सगळं चिकटून बसेल या भीतीने पूर्वी सर्जन इथे लगेच शिवतच नसत. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या हॅरोल्ड क्लाइनर्ट यांनी आपल्या रुग्णांचे चांगले निकाल मांडले आणि ही भीती ओसरू लागली.

शिवण संपते, पण खरी कसोटी प्लास्टरमामांची. मोठ्या माणसाला काही दिवसांतच जपून हालचाल करायला लावतात. चार वर्षांच्या मुलीला ते कसं समजावणार? मामा कापसाचे थर चढवतात, मनगट किंचित वाकवतात आणि प्लास्टर थेट कोपराच्या वर नेतात.

“कोपर मोकळं सोडलं की पोर हात बाहेर काढतंच,” मामा म्हणतात.

“चार आठवडे,” डॉक्टरबाई सिस्टरना सांगतात. बाहेर येऊन आईलाही तेच: चार आठवडे. त्याआधी काढलं तर टाके तुटायची भीती, त्याहून जास्त ठेवलं तर बोट आखडण्याची. आई मान हलवते, आजी मात्र बोटांवर आठवडे मोजून घेते.

मुलांच्या कंडरा लवकर भरून येतात, पण वेळेवर कळलं तर. दोन-तीन आठवड्यांत आलेलं बोट बहुधा थेट शिवता येतं. फार उशीर झाला तर दुसरीकडची कंडरा काढून बसवावी लागते, त्याला अनेकदा दोन ऑपरेशनं लागतात. तेव्हा लेकराचा हात काचेने किंवा विळीने कापला, तर रक्त थांबलं म्हणून निर्धास्त राहू नका. टाके पडण्याआधीच डॉक्टरांना विचारा, “बोट वाकतंय का, बघितलंत?”