सिनिस्टर : धमकी न देता घाबरवणारा शब्द

'काल लायब्ररीत निळ्या कुर्त्यात छान दिसत होतीस.'

अनोळखी नंबरवरून आलेला हा मेसेज मैत्रिणीने मला दाखवला. यात शिवी नाही, धमकी नाही. सुटा वाचला तर चक्क कौतुकच. तरी तिचे हात गार पडले होते. 'घरी काय सांगू? कुणीतरी छान म्हटलं म्हणून घाबरले?' हा तिचा प्रश्न. त्या मेसेजला एकच शब्द फिट बसत होता. सिनिस्टर!

हॉरर सिनेमांमुळे हा शब्द आपल्या कानावर असतो. २०१२ मध्ये तर याच नावाचा सिनेमा येऊन गेला. पण वापरताना आपली गडबड होते. डेंजरस, थ्रेटनिंग, सिनिस्टर हे सगळे आपल्याला एकाच माळेचे मणी वाटतात. तसं नाहीये. सिग्नल तोडून अंगावर येणारा डंपर डेंजरस. 'बाहेर भेट, बघतो तुला' हे थ्रेटनिंग, कारण धमकी उघड आहे. सिनिस्टरमध्ये उघड काहीच नसतं. वरवर सगळं साधं, पण आत काहीतरी वाईट शिजतंय, अशी जाणीव. म्हणूनच हे विशेषण स्माइल, सायलेन्स, मोटिव्ह अशा शब्दांना चिकटतं. मराठीत 'अशुभ', 'कपटी', 'अभद्र' हे शब्द त्याच्या आसपास जातात. पण सगळ्यात जवळचं म्हणजे आपलं 'काहीतरी काळंबेरं आहे'.

आता या शब्दाची स्वतःची स्टोरी. लॅटिनमध्ये 'सिनिस्टर' म्हणजे फक्त डावा. उजवा म्हणजे 'डेक्स्टर'. त्यावरूनच इंग्रजीत हातातल्या कौशल्याला डेक्स्टेरिटी म्हणतात. गंमत म्हणजे शकुन पाहणारे जुने रोमन लोक दक्षिणेकडे तोंड करायचे. त्यामुळे पूर्व दिशा डावीकडे यायची आणि डावी बाजू शुभ मानली जायची. ग्रीकांची पद्धत नेमकी उलटी होती. त्यांचा प्रभाव वाढला आणि डावी बाजू अशुभ ठरली. बिचाऱ्या डाव्या हाताने यात काहीच केलं नव्हतं!

आपणही काही कमी नाही. एखाद्यापेक्षा दुसरा कमी पडला की तो 'डावा' ठरतो. आमच्या वर्गातल्या लेफ्टी मित्राने प्रसादासाठी सवयीने डावा हात पुढे केला, की आजही कुणीतरी 'अरे, उजवा कर' म्हणतंच. परीक्षेत उजवीकडे पॅड असलेली खुर्ची वाट्याला आली, की तीन तास अंग वळवून पेपर लिहायचा. जगात शंभरातले साधारण दहा जण डावखुरे आहेत. १३ ऑगस्टला त्यांचा आंतरराष्ट्रीय दिवसही असतो.

म्हणून हा शब्द जरा जपून वापरायला हवा. 'नवे वॉचमनकाका किती सिनिस्टर दिसतात ना' असं आपण सहज बोलून जातो. का? गालावर व्रण आहे म्हणून? आपली भाषा बोलत नाहीत म्हणून? मग आपणही त्यांना डाव्या हातासारखंच अशुभ ठरवतोय. त्या मेसेजचं तसं नाही. तिथे कुणीतरी लपून पाहिलं होतं, नाव लपवलं होतं आणि 'मी पाहिलं' हे तिला मुद्दाम कळवलं होतं. दिसण्यावरून वाटणारी भीती वेगळी आणि वागण्यावरून वाटणारी वेगळी. दुसरी भीती वाटली तर ती झटकून टाकू नका.

कायदाही उघड धमकीची वाट पाहत नाही. मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे मेसेज रागाने डिलीट करू नका. स्क्रीनशॉट ठेवा.

मैत्रिणीने तेच केलं. 'पुन्हा मेसेज करू नका' एवढं एकच वाक्य पाठवलं, स्क्रीनशॉट घेतले आणि ताईला फोन लावला. 'त्याने वाईट असं काही म्हटलं नाहीये गं, पण काहीतरी काळंबेरं आहे,' ती म्हणाली.

ताईला तेवढं पुरलं. संध्याकाळी ती कॉलेजच्या गेटवर हजर होती.