फिन्स घ्यायचे ते कोणत्या किकसाठी?

मालवण-तारकर्लीला हौसेखातर पहिल्यांदा स्कूबा करणाऱ्याला फिन्सचा विचार करावा लागत नाही. बऱ्याचदा ते पायात चढवलेच जात नाहीत. पाठीवरचं सिलिंडर प्रशिक्षकाने मागून धरलेलं असतं. तो नेईल तिकडे जायचं, मासे बघायचे, व्हिडिओ काढून घ्यायचा आणि वर यायचं. प्रश्न पडतो तो पुढे, ज्यांना पाण्याची चटक लागते त्यांना. रीतसर कोर्स होतो, मास्क स्वतःचा घेऊन होतो, आणि मग फिन्स घ्यायची वेळ येते.

दुकानात भिंतभर फिन्स टांगलेले असतात. आखूड, लांब, मधून चिरलेले, खिडक्या पाडलेले. बहुतेकांची जाहिरात एकच: कमी श्रमात जास्त वेग. गोची इथेच आहे, कारण स्कूबा करणाऱ्याला वेगाचं फारसं काम नसतं. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन आहे. त्यात वेग दुप्पट करायचा तर पाण्याचा विरोध चौपट होतो आणि लावावी लागणारी ताकद आठपट. ही ताकद मांड्यांमधून येते, मांड्यांना प्राणवायू लागतो आणि तो पाठीवरच्या मोजक्या हवेतूनच घ्यायचा असतो. जोरजोरात पाय मारणाऱ्याची हवा सगळ्यांच्या आधी संपते आणि त्याच्यापायी जोडीदारालाही वर यावं लागतं. खाली खरी गरज असते ती हव्या त्या जागी थांबण्याची, जागच्या जागी वळण्याची, कधी हातभर मागे सरकण्याची. प्रवाह अंगावर आलाच तर चार मिनिटं नेट लावता आला पाहिजे, एवढंच.

म्हणून फिन्स निवडण्याआधी आपण पाय कसे मारतो ते बघावं. आपल्याकडे बहुतेक जण शिकतात ती फ्लटर किक: पाय कमरेपासून सरळ ठेवून आळीपाळीने वर-खाली. ती सोपी आहे, प्रवाहात उपयोगी आहे. पण तिच्यात पाणी मागे जातं तसं थोडं खालीही ढकललं जातं. तळाशी गाळ असेल तर तो उठतो. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते, कोकणातल्या छोट्या-मोठ्या नद्या पावसाळ्यात डोंगराची माती समुद्रात आणून टाकतात. त्यामुळे या किनाऱ्यालगत पाण्यात लांबचं दिसणं मुळातच कमी. त्यात पुढच्या माणसाने तळाजवळ फ्लटर किक मारली की मागच्यांना नुसता चहाच्या रंगाचा ढग दिसतो.

त्यावर उपाय फ्रॉग किकचा. गुडघे वाकवून फिन्स शरीराच्या पातळीच्या वर ठेवायचे, तळवे बाहेर वळवायचे, अर्धवर्तुळ काढत पाणी मागे दाबायचं, फिन्स एकमेकांजवळ आणायचे आणि मग काही न करता घसरत जायचं. हे घसरणं महत्त्वाचं. नवशिक्याला तेवढा धीर नसतो. पाणी सरळ मागे जातं, तळ शांत राहतो. हीच क्रिया उलटी केली की माणूस मागे सरकतो, एकाच पायाने केली की वळतो. पण यासाठी फिनचं पातं आडव्या बाजूनेही ताठ राहायला हवं. फार मऊ किंवा फार लांब पातं इथे पिळवटतं आणि पाणी बाजूने निसटून जातं.

आता प्रकारांकडे पाहू. मधून चिरलेले, म्हणजे स्प्लिट फिन्स, हे घाटातल्या सायकलच्या हलक्या गिअरसारखे: पाय भराभर हलवायचे, जोर कमी लावायचा. गुडघे दुखणाऱ्यांना, वयस्कांना ते मानवतात आणि त्यांनी ते खुशाल घ्यावेत. पण त्यांवर फ्रॉग किक नीट बसत नाही, मागे सरकणं तर जवळपास अशक्यच. गुहांमध्ये उतरणारे ते टाळतात. वाटेसाठी बांधलेली दोरी त्या चिरेत अडकायची भीती असते. कार्बन फायबरचे लांबलचक फिन्स दिसायला देखणे. पण ते श्वास रोखून खोल जाणाऱ्यांसाठी असतात. एका श्वासात खाली जाऊन परत यायचं तर मोठ्या पात्याने भरपूर पाणी सावकाश ढकलणं परवडतं. सिलिंडर घेऊन प्रवाळांच्या खाचाखोचांत फिरणाऱ्याचं ते पातं कुठे ना कुठे आपटणार, आणि आपटेल ते प्रवाळावर.

जाड काळ्या रबराच्या, खिडक्यांच्या फिन्सभोवती एक वलय आहे. फ्रान्सच्या जॉर्ज बुशा यांनी 1960च्या दशकात ही रचना आणली, ‘जेटफिन’ या नावाने ती जगभर गेली आणि आजही नौदलांत, गुहांमध्ये, बुडालेल्या जहाजांवर जाणाऱ्यांत टिकून आहे. फ्रॉग किकसाठी यांच्यासारखे फिन्स नाहीत, मान्य. पण ते पाण्यात दगडासारखे बुडतात. थंड समुद्रात कोरडा सूट घालणाऱ्यांच्या पायांकडे हवा साचून पाय वर तरंगतात, त्यांना हे वजन हवंच असतं. आपल्या ऊबदार पाण्यात, पातळ सूटमध्ये, तेच वजन पाय खाली ओढतं. शरीर आडवं न राहता तिरकं होतं आणि प्रत्येक किक गाळात जाते. शिवाय विमानाच्या सामानात या जोडीचं ओझं जाणवतं ते वेगळंच. इंटरनेटवर कुणी कितीही गुण गायले तरी अंदमानला जाणाऱ्याने आधी विचार करावा.

गंमत म्हणजे फिन हा आजच्या स्कूबाच्या सिलिंडर-रेग्युलेटरहून जुना. फ्रेंच नौदल अधिकारी लुई द कॉर्लिये यांनी 1933 मध्ये पायात घालायच्या पंखांचं पेटंट घेतलं. कूस्तो आणि गान्यां यांचं ॲक्वालंग हे सिलिंडर-रेग्युलेटरचं यंत्र त्यानंतर दहा वर्षांनी आलं. बेंजामिन फ्रँकलिनने तर लहानपणी हातापायांना लाकडी फळ्या बांधून पाहिल्या होत्या.

पण पातं, रबर, इतिहास सगळं एका बाजूला. पाय फिनमध्ये नीट बसला नाही तर बाकी व्यर्थ आहे. इथे दोन घराणी. पूर्ण टाच झाकणारे फिन्स उघड्या पायांवर चढतात, हलके असतात, स्वस्तही. टाचेकडे उघडे असलेले फिन्स निओप्रीनच्या बुटांवर, पट्ट्याने घट्ट होतात. बोटीवरून उडी मारून बोटीवरच परत येणाऱ्याला पहिला प्रकार पुरतो. पण कोकणातल्या खडकांवर कालवं असतात आणि त्यांची धार पाऊल कापून काढते. चालत पाण्यात उतरायचं असेल तर बूट हवेतच, आणि मग फिन्सही त्यांना जुळणारे.

माप बघताना चपलेचा नंबर सांगून मोकळं होऊ नये. बूट घालून, त्यावर फिन चढवून, खुर्चीवर बसून पाय हवेत हलवावा. बोटं आत हलली पाहिजेत, पण टाच जागची सुटता कामा नये. पाऊल आत सैल असेल तर ते फिन धरून ठेवण्यासाठी नकळत बोटं आखडून घेतं, आणि वीस मिनिटांत पोटरीत गोळा येतो. (आलाच तर फिनचं टोक हाताने धरून स्वतःकडे ओढायचं, पाय सरळ करायचा, कोर्समध्ये हे शिकवतात ते उगाच नाही.) फार घट्ट असेल तर तळव्याला मुंग्या येतात. दुकानात जिथे किंचित टोचतं, तिथे पाण्यात जखम होते.

पट्ट्याबाबत माझं मत पक्कं आहे: थोडे जास्त पैसे गेले तरी स्टीलच्या स्प्रिंगचाच घ्या. परतताना एका हाताने शिडी धरलेली असते, लाटेने बोट वर-खाली होत असते, आणि दुसऱ्या हाताने फिन काढायचा असतो. अशा वेळी बक्कल शोधत बसण्यापेक्षा अंगठा घालून स्प्रिंग मागे ओढणं केव्हाही बरं. आणि शिडी किंवा दोर हातात येईपर्यंत फिन काढायचाच नाही. पट्टा कसलाही असो. प्रवाहात बिनफिनचा माणूस बोटीपासून कधी दूर गेला हे त्यालाही कळत नाही.

तेव्हा मालवण, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी, गोव्याचं ग्रँड आयलंड आणि कधीतरी अंदमान असा ज्याचा आवाका आहे, त्याने मध्यम ताठ पात्याचे, टाचेकडे उघडे, फार जड नसलेले साधे फिन्स घ्यावेत. घेण्याआधी तोच नमुना भाड्याने मिळाला तर एकदा पाण्यात वापरून बघावा. रंग पिवळा किंवा नारिंगी. काळा रुबाबदार दिसतो खरा, पण गढूळ पाण्यात जोडीदाराला तुमचे पाय दिसले पाहिजेत.

जून ते सप्टेंबर आपल्याकडचं डायव्हिंग बंद असतं आणि फिन्स वाया जातात ते या चार महिन्यांत. गोड्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून, आडवे ठेवावेत. भिंतीला टेकवून टोकावर उभे केले की पातं वाकतं आणि ते परत सरळ होत नाही. पूर्ण टाचेच्या फिन्ससोबत पावलाच्या आकाराचे प्लास्टिकचे साचे येतात, ते फेकू नका; आत घालून ठेवले की पावलाची जागा चेपत नाही. स्प्रिंगच्या वेटोळ्यांतली वाळू जुन्या टूथब्रशने काढावी. आणि काळेच घेतले असतील तर पात्याच्या खालच्या बाजूला ठळक अक्षरांत नाव तरी लिहावं. बोटीवर बाकीच्यांचेही काळेच असतात.