थंडीचे दिवस मोजून वाटाण्याचा वाण निवडा

भोकरदन तालुक्यातील हसनाबाद परिसरात मूग, उडीद निघालेल्या रानात ओलिताची सोय असल्यास हिरव्या शेंगांसाठी वाटाणा घेता येतो. मात्र हे थंडीचे पीक आहे. त्याच्या वाढीस 10 ते 18 अंश सेल्सिअस तापमान मानवते. हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पितीत वाटाणा उन्हाळ्यात येतो, कारण तेथील उन्हाळाच थंड असतो. आपल्याकडे थंडी नोव्हेंबर ते जानेवारी एवढीच टिकते. फुलोऱ्यात तापमान 30 अंशांवर गेल्यास फुले गळतात, शेंगांत दाणे कमी भरतात व गोडी घटते.

अर्केल : युरोपातून आलेला हा लवकर येणारा वाण आहे. झाड बुटके, शेंग गर्द हिरवी व टोकाला वाकलेली असते. शेंगेत 7 ते 8 दाणे भरतात. पहिली तोडणी 55 ते 60 दिवसांत मिळते. हा वाण भुरी रोगास बळी पडतो.

बोनव्हिले : अमेरिकेतील हा वाण मध्यम मुदतीचा आहे. शेंगा सरळ असून बहुधा जोडीने लागतात. तोडणीस 80 ते 85 दिवस लागतात.

आता हिशेब पाहा. पंधरा ऑक्टोबरला पेरल्यास अर्केल डिसेंबरच्या मध्यास, तर बोनव्हिले जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तोडणीस येतो. म्हणजे दोन्ही थंडीत साधतात. पेरणी नोव्हेंबरअखेर गेली, तर बोनव्हिलेची तोडणी फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात येते. तेव्हा दुपारचे ऊन तापलेले असते. म्हणून पेरणी लांबल्यास अर्केलच घ्यावा. नोव्हेंबरचा मध्य उलटल्यावर मात्र वाटाण्याऐवजी हरभऱ्याचा विचार करावा.

दोन्ही वाणांचे बी सुरकुतलेले असते. ते खराब समजून टाकू नये, ते गोडीचे लक्षण आहे. गोल, गुळगुळीत बियांचा वाटाणा वाळलेल्या दाण्यासाठी व डाळीसाठी असतो. सुरकुतलेले बी साचलेल्या पाण्यात लवकर कुजते, म्हणून वाफशावरच पेरावे. दहा किलो बियाण्यास 250 ग्रॅम रायझोबियम चोळावे. पाकीट वाटाण्याचेच असावे, हरभऱ्याच्या जिवाणूंच्या गाठी वाटाण्यावर धरत नाहीत.

फुलोऱ्यात व शेंगा भरताना पाण्याचा ताण पडू देऊ नये. पानांवर भुरीची पांढरी पावडर दिसताच 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक फवारावे. शेंगा कोवळ्या असतानाच सकाळी तोडाव्यात.

शेतकरी बंधूंनी बियाणे आणण्यापूर्वी पेरणीची तारीख आणि वाणाचे दिवस यांचा मेळ घालून पाहावा.