कलादिग्दर्शकाची मालकी

मराठी चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाला जे वळण लागले ते कोल्हापुरात, आणि तेही नाटक कंपन्यांचे पडदे रंगविणाऱ्या हातांनी. तानीबाई कागलकर यांच्या द्रव्यसाहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारून १९२० साली ‘सैरंध्री’ लोकांपुढे आणणाऱ्या बाबूराव पेंटरांना आपल्या पूर्वव्यवसायाची मर्यादा त्वरित उमगली: पडद्यावर रंगविलेला महाल नाट्यगृहात कितीही मोहक दिसला, तरी कॅमेरा त्याचे सपाटपण निर्दयपणे उघडे पाडतो, म्हणून त्यांनी पडद्यांऐवजी घन रचना उभ्या केल्या. कंपनीचा कर्ता, नेपथ्यकार आणि दिग्दर्शक हे एकाच देहात नांदत असल्यामुळे द्रव्याची चणचण कायमची असली, तरी कोणता खांब ठेवावा नि कोणता गाळावा यासाठी दुसऱ्या कोणाची मंजुरी लागत नसे.

त्यांच्याच तालमीत घडलेले विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल १९२९ साली ‘प्रभात’चे भागीदार झाले, हे आपण सहसा एका वाक्यात उरकतो, मला मात्र त्या भागीदारीतच प्रभातच्या नेपथ्याचे मर्म दिसते. त्या काळच्या अडचणी सामान्य नव्हत्या. कृष्णधवल चित्रात भिंतीचा रंग डोळ्यांना कसा भासतो याला किंमत नसून, तो करड्याच्या कोणत्या छटेत उतरेल हे दिवे लागण्यापूर्वीच ताडावे लागे. बोलपट आल्यावर तर पोकळ फळ्यांवरून पात्र चालले की तो पोकळपणाही ऐकू येऊ लागला. तरीही ‘अमृतमंथन’मधील (१९३४) चंडिकेच्या देवालयाचा गूढ अंधार किंवा ‘संत तुकाराम’मधील (१९३६) देहूचे साधेसुधे घर आजही खरे वाटते, कारण फत्तेलालांच्या कलेमागे भागीदाराचा अधिकार होता, आणि तुकारामाचे दिग्दर्शन तर या जोडीनेच केले असल्याने घराची रचना व त्यात वावरणारे माणूस यांचा विचार एकत्रच झाला.

महायुद्धानंतर पगारी माणसे पदरी बाळगणाऱ्या स्टुडिओंची व्यवस्था ढासळली आणि कलादिग्दर्शक कंत्राटावर आला. फ्लोअर शिफ्टच्या भाड्याने, मुदत व खर्च निर्माता मुक्रर करणार, आणि चित्रीकरण आटोपताच सेट मोडून फळ्या पुढल्या कामाला रवाना! अशा अमदानीत एम. आर. आचरेकरांसारख्या व्यक्तिचित्रकाराने ‘आवारा’चे (१९५१) स्वप्नदृश्य सजवावे, आणि भारतातील पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटात, म्हणजे ‘कागज के फूल’मध्ये (१९५९), रिकाम्या स्टुडिओच्या विस्तीर्ण ओसाडीलाच आशय द्यावा, हे त्यांच्या प्रज्ञेचे फळ खरे, पण त्या सेटच्या एका खिळ्यावरही त्यांची मालकी नव्हती. फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले, हेही नमूद करावयास हवे. पारितोषिके देण्यास खर्च कमी येतो.

गेलेली मालकी परत मिळविण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न नितीन चंद्रकांत देसाई यांनी केला. ‘परिंदा’पासून (१९८९) नाव झालेल्या, ‘लगान’साठी भुजजवळ अख्खे चंपानेर वसविणाऱ्या आणि चार राष्ट्रीय पुरस्कारांच्या या मानकऱ्याने २००५ साली कर्जत येथे स्वतःचा एन. डी. स्टुडिओ उभारला, ज्यायोगे रचना मोडावयाची की ठेवावयाची हे रचणाराच ठरवील. परंतु जमीन, इमारती आणि व्याज यांचा हिशेब कलेच्या हिशेबाहून निराळा असतो. प्रभातमध्ये तो वाहण्यास अनेक भागीदार होते, येथे भार मुख्यतः एकाच्या शिरावर. कर्ज चढत गेले, प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायासनापुढे गेले, आणि २ ऑगस्ट २०२३ रोजी त्याच आवारात त्यांचा अंत झाला.

सर्वच कलादिग्दर्शकांना स्टुडिओ बांधता येणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही नाही. निर्मात्यांना माझी विनंती एवढीच, की करारपत्रात एक कलम वाढवून सेटच्या मूळ आराखड्यांवर कलादिग्दर्शकाचा हक्क मान्य करावा आणि त्यांची एक प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात दाखल करावी.