वादक बदलले, नाव बदललं, तरी बँड तोच कसा राहतो?

पनवेलहून निघालेली गाडी पेण, कासू, नागोठणे करत रोह्याला पोचते. इथपर्यंतचे रूळ मध्य रेल्वेचे. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वेची हद्द सुरू होते. कारभार बदलतो, पण डब्यात बसलेल्या माणसाला ते कळतही नाही. त्याच्या दृष्टीने गाडी तीच असते, कारण त्याची जागा तीच आहे आणि त्याला जायचंय ते गावही तेच आहे.

रोहा ते वीर हा कोकण रेल्वेचा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी मुंबईतल्या एका रॉक बँडने आपलं नाव बदललं. 'रॉक मशीन'चं 'इंडस क्रीड' झालं. या बँडमध्ये पुढे माणसं बदलली, तो बंद पडला, तेरा वर्षांनी परत उभा राहिला. ऐकणाऱ्यांनी मात्र त्याला कायम एकच बँड मानलं.

असं का होतं? माणसं बदलूनही बँड टिकतो तो कशाच्या जोरावर? आणि माणसं गेली की नाव कोणाकडे राहतं? हे प्रश्न लंडन-मुंबईपुरते नाहीत. पेण-रोह्यातल्या बेंजो पार्टीला आणि भजनी मंडळालाही ते कधी ना कधी पडतात.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे नेमकं काय?

साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांच्या गाण्याचा कंटाळा आला. कडवं, धृपद, पुन्हा कडवं हा साचा मोडून त्यांनी लांबलचक रचना बांधायला सुरुवात केली. त्यात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आलं, जॅझ आलं, कीबोर्डची नवी यंत्रं आली. याला पुढे प्रोग्रेसिव्ह रॉक असं नाव पडलं.

'येस' या बँडची १९७२ सालची 'क्लोज टू द एज' ही रचना साधारण अठरा मिनिटांची आहे. त्या काळच्या रेकॉर्डची एक अख्खी बाजू तिने व्यापली.

दुसरं वैशिष्ट्य तालाचं. साधं रॉक गाणं बहुतेक वेळा चारच्या हिशोबात चालतं. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये पाच, सात, नऊ असे विषम हिशोब येतात आणि गाणं चालू असतानाच ते बदलतात. भजनात किंवा नाट्यपदात सात मात्रांचा रूपक ऐकलेल्या मराठी कानाला हे फार परकं वाटायला नको. फरक इतकाच, की इथे एकाच रचनेत ताल तीन-चार वेळा कूस बदलतो आणि सगळ्यांना एकाच वेळी वळावं लागतं.

याच बँडमध्ये माणसं इतकी का बदलतात?

पहिलं कारण या संगीतातच आहे. ते वाजवायला अवघड असल्यामुळे प्रत्येक जण आपापल्या वाद्यावर पक्का लागतो. अशा वादकाला स्वतःची मतं असतात आणि बाहेरून बोलावणीही येतात. 'येस'चा ड्रमर बिल ब्रुफोर्ड १९७२ मध्ये, म्हणजे बँड जोरात असताना, 'किंग क्रिमसन'मध्ये गेला. त्याला नवं काही वाजवायचं होतं.

दुसरं कारण म्हणजे दिशेचा वाद. 'पुढे जायचं' हाच ज्या संगीताचा दावा आहे, तिथे पुढे म्हणजे कुठे, यावर भांडण होतंच. कोणाला आणखी लांब रचना हव्या असतात, तर कोणाला रेडिओवर वाजेल असं छोटं गाणं.

तिसरं कारण साधं आहे, पैसे आणि वय. विशीत चार मित्र एका खोलीत राहून वाजवू शकतात. पस्तिशीत घराचा हप्ता आणि मुलांची शाळा येते.

रॉक मशीन ते इंडस क्रीड

'रॉक मशीन' १९८४ मध्ये मुंबईत सुरू झाला. गिटारवादक महेश तिनईकर सुरुवातीपासून त्यात होते. उदय बेनेगल यांचा आवाज पुढे बँडची ओळख बनला. कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, दुसऱ्या गिटारवर जयेश गांधी, बासवर मार्क सेल्विन आणि ड्रम्सवर मार्क मिनेझिस ही त्या काळातली ओळखीची नावं.

त्या वेळी भारतातले बहुतेक इंग्रजी बँड परदेशी गाण्यांच्या नकला करत. कॉलेजच्या महोत्सवात आलेल्या मुलांना ओळखीची गाणी हवी असायची. स्वतःचं गाणं सुरू केलं की गर्दी चहाला निघून जाण्याची भीती असे. मुंबईत धोबी तलावजवळचं रंगभवन हे या संगीताचं मोठं ठिकाण होतं. १९८६ मध्ये 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला आणि स्थानिक बँडना हक्काचा श्रोता मिळू लागला.

अशा काळात 'रॉक मशीन'ने १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा अल्बम काढला. १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' आला. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या, एमटीव्ही भारतात दिसू लागला आणि 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशिया विभागातला प्रेक्षक-पसंती पुरस्कार मिळाला.

आणि नाव गाजत असतानाच बँडने ते बदललं. व्यवहाराच्या भाषेत हा आतबट्ट्याचा सौदा होता. नऊ वर्षं कमावलेलं नाव सोडायचं म्हणजे पोस्टरपासून रेकॉर्डच्या दुकानापर्यंत सगळीकडे नव्याने ओळख करून द्यायची. पण 'रॉक मशीन' हे नाव जगातल्या कुठल्याही बँडचं असू शकलं असतं. 'इंडस', म्हणजे सिंधू, हा शब्द बँड कुठला आहे ते सांगत होता. संगीतातही भारतीय वाद्यं आणि सुरावटी डोकावू लागल्या होत्या. नव्या नावाचा अल्बम १९९५ मध्ये आला. त्याचंही नाव 'इंडस क्रीड' असंच होतं.

तेरा वर्षांची पोकळी

त्याच १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांचा 'मेड इन इंडिया' अल्बम आला आणि हिंदी पॉपची लाट उसळली. वाहिन्यांना आणि कंपन्यांना हिंदी गाणी विकणं सोपं होतं. इंग्रजीत गाणाऱ्या, मोठा साउंड लागणाऱ्या, पाच-सहा जणांच्या बँडचं गणित जुळणं कठीण झालं. १९९७ मध्ये 'इंडस क्रीड' थांबला.

बेनेगल आणि गांधी यांनी अमेरिकेत 'आम्स फॉर शांती' हा वेगळा प्रकल्प उभा केला. इतरांनी आपापल्या वाटा धरल्या.

२०१० मध्ये बँड परत एकत्र आला, पण जुनी माणसं सगळी नव्हती. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे तिघं होते. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे नव्या पिढीचे वादक आले.

बास आणि ड्रम्स हा कुठल्याही बँडचा पाया. पाया बदलला की वरचं बांधकामही वेगळं होतं. २०१२ मध्ये आलेला 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम ऐकताना ते जाणवतं. गाणी लांबली, वळणं वाढली, बँड प्रोग्रेसिव्ह रॉककडे झुकला. जुन्या हिट गाण्यांवर पुनर्मीलनाचे कार्यक्रम करत राहणं सोपं होतं. त्याऐवजी बँडने नवं काही केलं. नव्या वादकांना जुन्यांची नक्कल करायला लावलं असतं, तर ते शक्य झालं नसतं.

टिकण्याचे तीन मार्ग

जगभरातले बँड पाहिले तर माणसं बदलत असताना टिकून राहण्याचे ढोबळ तीन मार्ग दिसतात.

पहिला, एक खांबी तंबू. 'किंग क्रिमसन'चा पहिला अल्बम १९६९ मध्ये आला. तेव्हापासून २०२१ च्या अखेरच्या कार्यक्रमापर्यंत गिटारवादक रॉबर्ट फ्रिप हा एकच माणूस कायम होता. त्याने १९७४ मध्ये बँड मोडला, १९८१ मध्ये काही नव्या माणसांना घेऊन उभा केला आणि २०१४ नंतर तर रंगमंचावर पुढच्या रांगेत तीन ड्रमर बसवले. इथे वाद कमी होतात, कारण निर्णय एकाचा असतो. पण तो माणूस थांबला की सगळं थांबतं.

दुसरा मार्ग वारीतल्या पताकेसारखा. एकाचा हात दमला की दुसरा धरतो. 'येस' १९६८ मध्ये सुरू झाला. १९८० मध्ये गायक जॉन अँडरसन आणि कीबोर्डवादक रिक वेकमन बाहेर पडले, तर 'बगल्स' या पॉप जोडीतले दोघे त्यांच्या जागी आले. २००८ मध्ये अँडरसन आजारी पडले, तेव्हा 'येस'चीच गाणी वाजवणाऱ्या एका बँडमधल्या गायकाला बोलावण्यात आलं. बासवादक ख्रिस स्क्वायर मात्र सुरुवातीपासून होते. २०१५ मध्ये आजारपणात त्यांनी आपल्या जागी बिली शेरवूड यांनी वाजवावं असं ठरवलं. काही आठवड्यांतच स्क्वायर गेले. आता 'येस'मध्ये एकही संस्थापक नाही, तरी बँड चालू आहे.

तिसरा मार्ग भांडणाचा. 'पिंक फ्लॉइड'मधून रॉजर वॉटर्स १९८५ मध्ये बाहेर पडले. आपण नाही तर बँडही नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. गिटारवादक डेव्हिड गिलमोर आणि ड्रमर निक मेसन यांना ते मान्य नव्हतं. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि १९८७ मध्ये समझोता झाला. नाव गिलमोर-मेसन यांच्याकडे राहिलं.

'येस'लाही हे चुकलं नाही. १९८९ मध्ये चार जुने वादक एकत्र आले, पण 'येस' हे नाव दुसऱ्या गटाकडे होतं. शेवटी चौघांनी आपली आडनावंच बँडचं नाव म्हणून लावली. दोन वर्षांनी दोन्ही गट एक झाले आणि आठ जण एकाच रंगमंचावर उभे राहिले.

भारतात नाव कोणाचं?

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. एक बँडचं नाव आणि दुसरी गाणी.

नाव हा ट्रेडमार्क असू शकतो. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली करमणूक सेवेच्या वर्गात त्याची नोंदणी होते. ती दहा वर्षांसाठी असते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते. कोणाच्या नावाने नोंदणी केली, याला मोठं महत्त्व आहे.

गाण्यांवरचा हक्क मूळात ज्याने चाल बांधली आणि ज्याने शब्द लिहिले त्यांचा असतो. वेगळा करार नसेल, तर बँड सोडल्याने तो जात नाही. रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं तो टिकतो.

उरतो व्यवहार. एकत्र धंदा करून नफा वाटून घेणारे लोक, लेखी कागद नसला तरी, १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली भागीदार ठरू शकतात. अशा भागीदारीचा नावलौकिक हीसुद्धा सामाईक मालमत्ता असते. आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर एक भागीदार मरण पावला की भागीदारी कायद्याने संपते. म्हणजे सगळं तोंडी ठेवणाऱ्या मंडळींसाठी कायद्याचं उत्तर 'पुढे चालू' हे नसून 'हिशोब करून बंद' हे असतं.

पेण-रोह्यात याचं काय?

रायगडातली हळद बेंजोशिवाय पुरी होत नाही. बेंजो म्हणजे बटणं दाबून वाजवायचं तंतुवाद्य, बुलबुलतरंगाचं विजेवर चालणारं रूप. त्याच्या जोडीला कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोल, कधी ट्रम्पेट. गणपतीचे दिवस आणि लग्नसराई हा कामाचा काळ. एरवी हेच वादक नोकरीवर, शेतावर, रिक्षावर असतात.

इथे सुपारी मिळते ती पार्टीच्या नावावर. हळदीला बोलावणाऱ्याला ऑक्टोपॅडवर कोण आहे ते बहुधा ठाऊक नसतं. ज्या पार्टीत एकच मालक वाद्यं घेतो आणि वादकांना कार्यक्रमाप्रमाणे पैसे देतो, तिथे नाव त्याचं, हे सगळ्यांना मान्य असतं. अडचण येते ती चार मित्रांनी वर्गणी काढून सुरू केलेल्या पार्टीत. वाद्यं सगळ्यांच्या पैशांतली, नाव सगळ्यांच्या मेहनतीचं. मग एक जण फुटतो, त्याच नावापुढे 'न्यू' किंवा 'ओरिजिनल' लावतो आणि गिऱ्हाईक गोंधळतं.

यावर उपाय फार महाग नाही. नाव कोणाचं, वाद्यं कोणाची, सोडून जाणाऱ्याला काय मिळणार आणि एखादा दगावला तर त्याच्या घरच्यांना काय, या चार गोष्टी स्टॅम्प पेपरवर लिहून सगळ्यांनी सह्या केल्या की बरीच भांडणं टळतात. हे करायची वेळ मैत्री घट्ट असतानाची. भांडण झाल्यावर कोणी सही करत नाही.

कागद नाव वाचवतो, बँड मात्र त्याने वाचत नाही. 'इंडस क्रीड' आणि 'येस' टिकले, कारण नव्याने आलेल्याला जुनं शिकवलं गेलं आणि त्याचं स्वतःचंही काही ऐकून घेतलं गेलं. गावातली भजनी मंडळं हेच करत आली आहेत. म्हाताऱ्या पखवाजवाल्याशेजारी एक पोरगा टाळ घेऊन बसतो, चार वर्षांनी त्याच्या पुढ्यात पखवाज येतो आणि मंडळाचं नाव तेच राहतं.