राखणीच्या कुत्र्यांचा हिंवाळ्यांतील निवारा

पौष-माघाची थंडी पडूं लागली म्हणजे आपण गोठ्यास तट्टे लावतों, वासरांवर गोणपाट घालतों आणि द्राक्षबागेंत शेकोट्या पेटवितों. निफाडकडे कांहीं वर्षीं पहाटेचें तपमान ५ अंश सेल्सियसच्याहि खालीं उतरतें. तेव्हां बागेच्या काळजीनें शेतकरी रात्र जागून काढतो. पण ज्याच्या भरंवशावर खळें, मोटार व गोठा सोडून आपण घरीं निजावयास जातों, तो राखणीचा कुत्रा कोठें निजतो, याची चौकशी फारच थोडे करितात. सातबाऱ्यावर विहिरीची व झाडांची नोंद होते, राखणदाराची होत नाहीं. म्हणून कीं काय, त्याचा निवारा कोणाच्याच हिशेबीं नसतो. कुत्र्याला केंस आहेत, त्याला थंडी कसली, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धवट खरा आहे, आणि अर्धवट खऱ्या समजुतीनेंच नुकसान अधिक होतें.

निरोगी कुत्र्याच्या अंगाची उष्णता सुमारें १०१ ते १०२.५ अंश फॅरनहीट असते, म्हणजे माणसापेक्षां कांहींशी जास्तच. ती टिकविण्याचें काम केंसांमध्यें अडकलेली हवा करते. केंस कोरडे व फुललेले असतील तोंवर हें पांघरूण उत्तम. ते भिजले कीं अंगास चिकटतात, हवा निघून जाते आणि पांघरूण नांवालाच उरतें. ज्या भागांत शेतीची वीज रात्रपाळीनें मिळते, तेथें मालक पाणी भरीत असतां कुत्रा त्याच्या मागोमाग चिखलांतून हिंडतो आणि पहाटे भिजल्या पोटानें उघड्या बांधावर वेटोळें करून बसतो. थंडी बाधते ती येथें. अशा वेळीं जुन्या धडप्यानें त्याचें पोट व पाय पुसून काढणें हें दोन मिनिटांचें काम आहे. शिवाय सर्व जाती सारख्या नव्हेत. धनगरांच्या वाड्यावरील केंसाळ कुत्रा ज्या थंडींत खुशाल निजतो, त्याच थंडींत आंखूड केंसांचा, अंगावर चरबी नसलेला कारवानी कुत्रा कुडकुडतो.

निवारा करतांना बहुतेकजण छपराचा विचार आधीं करितात; मी म्हणेन, आधीं जमिनीचा करावा. गार, दमट भुई निजलेल्या जनावराच्या अंगांतील ऊब रात्रभर ओढून घेत असते. विटांच्या दोन थरांवर फळ्या टाकून तळ चार-सहा इंच उंच केला, कीं निम्में काम झालें. घर मोठें नको. कुत्र्यास उभें राहतां यावें, एक वळसा घेतां यावा व पाय पसरतां यावेत, एवढें पुरे. कारण आंतील हवा तापविणारी शेगडी म्हणजे तो स्वतःच, आणि मोठ्या जागेस ती पुरी पडत नाहीं. दार बेताचेंच ठेवून त्यावर गोणपाटाचा पडदा सोडावा. हिंवाळ्यांत आपल्याकडे गार वारा बहुधा उत्तरेकडून व ईशान्येकडून येतो, यासाठीं घराची पाठ उत्तरेस व तोंड आग्नेयेस असावें. सकाळचें ऊनहि आंत येतें. वर नुसता पत्रा असेल तर तो रात्रीं गार पडून आंतून घामेजतो व थेंब गळतात. त्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर बांधावा. प्लॅस्टिकचें मोठें पिंप आडवें पाडून विटांत घट्ट बसविलें तरी चालतें व स्वस्त पडतें. मात्र कीटकनाशकाचें पिंप कितीहि धुतलेलें असो, या कामीं घेऊं नये.

अंथरुणाच्या बाबतींत चिंध्या व गोणपाट यांवर लोकांचा फार विश्वास. पण हीं दोन्हीं दंव व अंगाची ओल शोषून घेतात व धरून ठेवतात. ओलें गोणपाट अंथरण्यापेक्षां कांहीं न अंथरलेलें बरें. कोरडा भाताचा पेंढा वीतभर जाड घालावा. कुत्रा तो उकरून खळगा करितो व त्यांत नाक शेपटीखालीं घालून बसतो. गव्हाचें काड चालतें, पण त्यांतील कुसळें झटकावीं. तीं कानांत व बोटांच्या बेचक्यांत रुततात. पेंढ्यावर तळहात दाबून पाहावा. दमट लागला तर त्याच दिवशीं बदलावा. म्हाताऱ्या कुत्र्यास जुन्या घोंगडीची झूल घालावी, परंतु ती दिवसा काढून उन्हांत टाकावी. विझल्या शेकोटीच्या राखेंत निजण्याची कुत्र्यांना आवड असते. खालीं निखारे राहिले असल्यास केंस व कातडी भाजते, म्हणून जातांना शेकोटी पुरी विझवावी.

आतां सांखळीविषयीं. मोकळा कुत्रा आडोसा स्वतः शोधतो. बांधलेल्यास मालकानें नेमलेल्या जागीं वारा सोसत बसावें लागतें. प्राण्यांना निर्दयतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आंखूड वा जड सांखळीनें जनावर अवाजवी काळ बांधून ठेवणें, तसेंच त्यास पुरेसें अन्न, पाणी व आसरा न देणें, हे दोन्ही गुन्हे मानतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. कायदा बाजूस ठेवला तरी बिबट्या आहेच. अकोलें तालुक्यांत झालेल्या अभ्यासांत बिबट्याच्या आहारांत पाळीव कुत्र्यांचाच वाटा सर्वांत मोठा आढळला. उसाच्या कडेला बांधलेला कुत्रा ही राखण नव्हे, ते आमिष होय. अशा गांवीं कुत्र्याचें घर गोठ्याच्या भिंतीस लागून असावें व रात्रीं त्यास जाळीचें दार लावावें. भुंकण्यास तेवढें पुरतें.

थंडींत अंग तापविण्यास अन्न अधिक लागतें. नेहमीच्या भाकरींत सुमारें चतुर्थांश भर घालावी व थोडें तेल किंवा चरबी चोळावी. संध्याकाळीं कोमट पाणी द्यावें. उरलेलें कालवण घालतांना त्यांत कांदा नसावा, कारण कांद्यानें कुत्र्याचें रक्त बिघडतें. द्राक्षें व बेदाणेहि त्याच्या मूत्रपिंडास घातक आहेत.

कुत्रा कांपत आहे तोंवर त्याचें शरीर थंडीशीं झगडत आहे असें समजावें. कांपणें थांबलें, पण तो सुस्त पडला, हिरड्या गार व फिकट झाल्या, तर तो बरा झाला असें नसून प्रसंग कठीण आहे. त्यास आंत आणून कोरडा करावा, घोंगडींत गुंडाळावा, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यांत बांधून छातीपोटाशीं ठेवाव्या आणि पशुवैद्यकास बोलवावें. आगीच्या अगदीं जवळ नेऊं नये. दारू पाजण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे; दारूनें कातडीकडील रक्तवाहिन्या फुगून ऊब उलट लवकर निघून जाते.

कुत्र्या पुष्कळदां हिंवाळ्यांतच वितात. पहिले दोन आठवडे पिलांना स्वतःची उष्णता राखतां येत नाहीं; तीं आईच्या व एकमेकांच्या अंगाला चिकटूनच जगतात. अशा कुत्रीस शेतांत न ठेवतां घराच्या पडवींत कोपरा द्यावा.

महाशिवरात्र उलटून थंडी ओसरली म्हणजे सर्व पेंढा काढून जाळून टाकावा व घर उन्हांत तापूं द्यावें. तो तसाच राहिल्यास गोचीड व पिसवा त्यांत वाढतात. गुरांसाठीं आणलेलें गोचिडाचें औषध कुत्र्यावर मात्र पशुवैद्यकास विचारल्याशिवाय ओतूं नये.