हिशेबातून हरवलेली वीज

नशिराबादहून भुसावळ ओलांडून पुढे गेले की दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र लागते. समजा, अशा केंद्रातून १०० युनिट वीज निघाली आणि बिले ७० युनिटांचीच झाली. मग ३० युनिट गेले कुठे? वर्गात विचारून पहा.

काही वीज तारांतच उष्णता होऊन जाते. प्रवाह दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. काही वीज आकडे टाकून नेली जाते, काही बंद मीटरांमुळे नोंदलीच जात नाही. पहिल्या गळतीवर उपाय जाड तारा आणि जवळ रोहित्र, दुसरीवर तपासणी. पण कोणती गळती किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजमापच अपुरे होते. असंख्य शेतीपंपांना मीटर नव्हते. बिल अश्वशक्तीवर आणि वापर अंदाजाने. त्यामुळे न सापडलेली वीज शेतकऱ्याच्या नावावर मांडली जाई. १९९०च्या दशकात महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ गळती २० टक्क्यांच्या आत दाखवीत असे. २००० साली राज्य वीज नियामक आयोगाने हिशेब तपासला, तेव्हा ती ३० टक्क्यांच्या वर निघाली.

२००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरणाच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. जळगावचे वितरण २०११ मध्ये खासगी कंपनीकडे गेले आणि २०१५ मध्ये परत आले. कारभारी बदलले, तरी वजाबाकी तीच राहते: आलेली वीज वजा मोजलेली वीज.

शाळेच्या मीटरचे आकडे महिनाभर मुलांना नोंदवू द्या आणि बिलाशी ताडून पहा. सुधारणेची पहिली पायरी तीच आहे.